कोतवालाच्या हातची कवटी

ज्याने रक्षण करावयाचे त्याच्याच हातून पाप घडले, तर रक्षितांनी त्या पापाचे काय करावे, हा प्रश्न धर्मशास्त्राला, राजनीतीला आणि लोककथेला सारखाच जुना आहे. आणि तो अलीकडे अमेरिकेतील एका चित्रपटाने, तोही मुलांच्या चित्रकथांतून उचललेल्या कथानकाच्या आधाराने, इतक्या थेटपणे मांडावा, ही गोष्ट आमच्याकडील पुष्कळ गंभीर वाचकांच्या अद्याप गळी उतरलेली नाही. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘द डार्क नाइट’ हा चित्रपट २००८ च्या जुलैत प्रदर्शित झाला. त्याचा नायक बॅटमॅन यास बॉब केन आणि बिल फिंगर या दोघांनी १९३९ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या सत्ताविसाव्या अंकात जन्मास घातले होते, म्हणजे चित्रपटाच्या वेळी हा नायक सत्तरीच्या उंबरठ्यावर होता, आणि ज्या वाङ्मयाची आपण पोरकट म्हणून वासलात लावतो त्यातील एखादी आकृती इतकी वर्षे टिकून राहत असेल, तर तिच्या मुळाशी काही तरी प्रौढ असले पाहिजे, एवढे मान्य करावयास प्रत्यवाय नसावा.

मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला रात्री हिंडणाऱ्या मुखवटाधारी रक्षकाचे तसे नावीन्य वाटू नये. ली फॉक यांचा ‘फँटम’, १९६४ साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून मराठीत अवतरला तो ‘वेताळ’ होऊनच, आणि भाडोत्री वाचनालयांतून ती पुस्तके आणून वाचणाऱ्या पोरांना त्या नावाचा एक जुना धनी आपल्याच गावच्या शिवेवर शेंदूर फासून बसलेला आहे, हे सांगावे लागत नव्हते. भूतगणांचा राजा असलेला हा वेताळ गावाचा राखणदारही असतो. त्याला नारळ फुटतो, नैवेद्य जातो, परंतु घरच्या देव्हाऱ्यात त्याचा टाक कोणी बसवीत नाही. रात्रीचा रक्षक काहीसा अमंगळ असावयाचाच, त्याचे उपकार मानावयाचे आणि त्याचे ठाणे मात्र वेशीबाहेर ठेवावयाचे, असा एक अलिखित करार गावाने त्याच्याशी फार पूर्वीच केलेला आहे. आणि या करारातील कोणतेही कलम गावापासून लपवून ठेवलेले नाही, ही त्यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट आहे.

नोलन यांच्या चित्रपटात असा करार होत नाही. गॉथम नावाच्या नगरात पोलीस पोखरलेले, न्यायाधीश भ्यालेले आणि व्यापारउदीम टोळ्यांच्या हाती गेलेला. अशा नगरात जिम गॉर्डन हा पोलीस अधिकारी, हार्वी डेंट हा सरकारी वकील आणि कोणत्याही सरकारची सनद नसलेला बॅटमॅन, असे तिघे एकत्र येतात. (जेफ लोब आणि टिम सेल यांच्या १९९६-९७ मधील ‘द लाँग हॅलोवीन’ या चित्रकथेत हे त्रिकूट याआधीच रंगले होते.) त्यांच्यासमोर जोकर उभा राहतो, ज्याला द्रव्याचा लोभ नाही, कारण नोटांची रास तो स्वतःच्या हाताने पेटवून देतो, आणि ज्याला पूर्वायुष्यही नाही, कारण तोंडावरील व्रणांची हकिकत तो दर वेळी निराळी सांगतो. डेंट हा नगराचा उजळ माथ्याचा नायक. त्याच्या खिशातील नाण्याच्या दोन्ही बाजूंवर एकच छाप आहे, म्हणून नाणेफेकीचे नाटक करूनही तो आपल्या मनासारखेच करतो. ज्या रात्री एका स्फोटात त्याची प्रेयसी मरते आणि दुसऱ्या स्फोटात त्याचा अर्धा चेहरा जळतो, त्याच रात्री त्या नाण्याचीही एक बाजू काळी पडते, आणि तेथून पुढे तो माणसांचे जीवनमरण खरोखरच नाण्यावर सोपवू लागतो. पाच माणसे मरतात, त्यांपैकी दोन पोलीस. शेवटी गॉर्डनच्या मुलाला ओलीस धरून उभा असता बॅटमॅन त्याच्यावर झेपावतो आणि डेंट खाली कोसळून मरतो.

यानंतरची काही मिनिटे हा त्या चित्रपटाचा गाभा आहे. डेंटचे अधःपतन लोकांना कळले तर त्याने तुरुंगात धाडलेले गुन्हेगार सुटतील आणि नगराची आशा मावळेल, म्हणून ते पाच खून बॅटमॅन आपल्या अंगावर घेतो आणि गॉर्डन त्यास संमती देतो. गॉर्डन शोकसभेत डेंटचे गुणगान करतो, आणि ज्या दिव्याचा झोत आकाशात फेकून तो बॅटमॅनला बोलावीत असे तो दिवा कुऱ्हाडीने फोडतो. बॅटमॅनचा वृद्ध सेवक आल्फ्रेड हा, ती मृत स्त्री डेंटशीच विवाह करणार होती हे सांगणारे तिचे पत्र, धन्याला न दाखविता जाळून टाकतो. आणि ज्या यंत्राने नगरातील प्रत्येकाच्या दूरध्वनीतून त्याच्या हालचाली टिपता येत होत्या ते यंत्र, बॅटमॅनचा विश्वासू सहकारी ल्यूशियस फॉक्स आपले नाव त्यात टंकताच, स्वतःचा नाश करून घेते. ही तिन्ही दृश्ये दिग्दर्शकाने एकमेकांत गुंफली आहेत. त्यांपैकी यंत्राचा नाश निःसंशय स्तुत्य होय, कारण अमर्याद अधिकार हाती आल्यावर काम होताच तो मोडून टाकण्याची तजवीज आधीच करून ठेवणारे राज्यकर्ते इतिहासात विरळा. परंतु दिवा फोडणे आणि पत्र जाळणे या दोन कृत्यांनाही दिग्दर्शक त्याच संगीताच्या लाटेवर त्याच उंचीला नेतो, आणि प्रेक्षक सद्गदित होऊन बाहेर पडतो. माझा आक्षेप या सद्गदित होण्याला आहे.

लोककल्याणासाठी बोललेले असत्य क्षम्य आहे काय, याविषयी पाश्चात्त्य पंडितांत प्लेटोपासून मतभेद आहेत. त्याने आपल्या आदर्श नगरीच्या पायात एक उदात्त असत्य घालण्याची मुभा राज्यकर्त्यांना दिली होती, तर १७९७ साली कांटने, दाराशी आलेल्या मारेकऱ्यालाही खोटे सांगू नये, येथपर्यंत सत्याचा आग्रह ताणला. आपल्याकडील विवेचन या दोन टोकांच्या मधले आहे, आणि मला ते अधिक जाणते वाटते. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. सत्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाला दस्यूंनी विचारले, की जीव घेऊन पळणारी माणसे कोठे गेली; त्याने खरे तेच सांगितले; माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. याच महाभारतात द्रोणाचार्य युधिष्ठिराला अश्वत्थाम्याविषयी विचारतात, तो हत्तीच्या नावाआड दडून अर्धसत्य बोलतो, आणि त्याबरोबर भूमीला न टेकणारा त्याचा रथ चार अंगुळे खाली येतो. एकाला खरे बोलल्याबद्दल नरक, दुसऱ्याला खोटे बोलल्याबद्दल अवनती; ही विसंगती आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण विचारणारा कोण होता ते पाहावे. कौशिकाला विचारणारे दस्यू होते, आणि त्यांचा सत्यावर काडीमात्र हक्क नव्हता. द्रोण शत्रुपक्षात असले तरी त्या एका शब्दापुरते शिष्याच्या सत्यनिष्ठेवर सर्वस्वी विसंबले होते. ज्याच्यापासून रक्षण करावयाचे त्याला फसविणे निराळे, आणि जो विश्वास टाकून बसला आहे त्याला फसविणे निराळे. गॉर्डनने जोकरला फसविले असते तर कोणीही त्याला बोल लावला नसता. त्याने फसविले ते ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता त्यांना.

येथे मला काळभैरवाची आठवण होते, आणि ती बॅटमॅनच्या चाहत्यांना अप्रिय वाटू नये. ब्रह्मदेवाचा गर्व उतरविण्यासाठी शिवाच्या क्रोधातून भैरव प्रकट झाला आणि त्याने नखाग्राने ब्रह्मदेवाचे पाचवे मस्तक छेदिले, अशी पुराणकथा आहे. गर्वहरण आवश्यक होते. परंतु ब्रह्महत्या ती ब्रह्महत्याच. ती स्त्रीरूप धारण करून त्याच्या मागे लागली, आणि छेदलेली कवटी त्याच्या हाताला अशी चिकटली की काही केल्या सुटेना. देवाचाच अंश तो. त्याला ती कवटी वस्त्राआड झाकता आली असती, किंवा कोणा गणावर खुनाचा आळ घालता आला असता. कथाकाराने तसे काहीही होऊ दिले नाही. भैरव त्या कवटीतच भिक्षा मागत त्रिभुवन हिंडला, म्हणजे ज्या दारी गेला त्या दारी त्याने आपले पाप आधी दाखविले आणि मग हात पसरला. आणि काशीत कपालमोचन तीर्थावर ती कवटी गळून पडली तेव्हा त्याच नगरीची कोतवाली त्याला मिळाली. आजही काशीचा कोतवाल म्हणून त्याचीच द्वाही फिरते. बॅटमॅनने न केलेले खून वाहिले आणि भैरवाने केलेली हत्या वाहिली, म्हणून बॅटमॅनचा त्याग मोठा, असे कोणी म्हणेल. पण ज्या नगरीला आपला कोतवाल कोण आणि त्याच्या हाताला काय लागले आहे हे ठाऊक आहे ती नगरी, आणि जिला एका खुन्याची पूजा करावयास लावून तिच्या खऱ्या राखणदारामागे कुत्री सोडली आहेत ती नगरी, या दोहोंतील कोणती अधिक सुरक्षित, हा हिशेब त्यागाच्या मोठेपणावरून सुटत नाही.

याचा पडताळा पाहावयास पुराणांपर्यंत जाण्याचेही कारण नाही. कुंडलिकेच्या काठचे जालना पुरेसे आहे. १६७९ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मोगलाईतील या धनाढ्य पेठेवर स्वारी केली आणि चार दिवस ती लुटली. त्या काळाच्या मुलुखगिरीचा तो रिवाजच होता, आणि शत्रूच्या खजिन्याचा एक झरा आटविण्याचा हेतू त्यामागे होता, हे कोणीही इतिहासज्ञ सांगेल. माझे लक्ष वेधले जाते ते ही हकिकत लिहून ठेवणाऱ्यांकडे. सभासदाने आपली बखर १६९७ मध्ये जिंजी येथे, खुद्द महाराजांचे पुत्र राजाराम यांच्यासाठी लिहिली; स्वामिभक्तीचा एवढा मूर्तिमंत ग्रंथ, पण त्याने जालनापुरची लूट गाळली नाही, आणि परतताना मोगली फौजेने गाठले, सिधोजी निंबाळकर पडले, बहिर्जी नाईकाने आडवाटेने पट्ट्याच्या किल्ल्यावर पोहोचविले म्हणून निभावले, हेही त्या स्मरणातून गळले नाही. पलीकडच्या बाजूला खाफीखान. तो लिहितो की जालन्याच्या व्यापाऱ्यांनी आपली चीजवस्त सय्यद जान महंमद या साधुपुरुषाच्या तक्यात हलविली होती, फौजेने तेथेही हात घातला, आणि त्या फकिराचा तळतळाट बाधून महाराज काही महिन्यांतच निवर्तले. मोगली चाकरीतल्या माणसाचे हे लिखाण. शापाची गोष्ट तर घटकाभर बाजूसच ठेवावी. परंतु याच खाफीखानाने, अन्यत्र महाराजांविषयी कठोर शब्द वापरूनही, मशिदींना, कुराणाला आणि कोणाच्याही बायकांना आपल्या लोकांनी हात लावू नये असा त्यांचा सक्त नियम होता, हेही नमूद करून ठेवले आहे. सेवकाने लूट लपविली नाही आणि शत्रूने औदार्य लपविले नाही; आणि तीनशे-साडेतीनशे वर्षांत महाराजांवरील या मुलखाची श्रद्धा त्यामुळे तसूभरही उणावली, असे जालन्याच्या कोणत्याही चौकात उभे राहून म्हणून पाहावे. गॉर्डनसारखा एखादा हितचिंतक त्या वेळी बखरीच्या दप्तरावर बसला असता, तर त्याने कागद मोठ्या सद्भावनेने जाळले असते आणि आपल्या हाती एक कोरडा पुतळा तेवढा उरला असता.

याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातील जांब येथे, १६०८ साली रामनवमीला समर्थ रामदासांचा जन्म झाला. बळाची उपासना महाराष्ट्राला शिकविणाऱ्या या पुरुषाने उपास्य म्हणून मारुती निवडला, आणि मारुतीचे वैशिष्ट्य असे की त्याच्या अचाट बळावर एक धनी आहे. बॅटमॅनला आल्फ्रेडसारखा सेवक आहे, परंतु त्याला स्वतःला कोणाचीही चाकरी नाही. तो ज्याला जाब देईल असा मनुष्य गॉथममध्ये नाही. वाल्मीकींच्या सुंदरकांडात एक प्रसंग आहे, कीर्तनांत तो क्वचितच ऐकू येतो. लंका पेटवून झाल्यावर हनुमंत एकाएकी दचकतो: या आगीत सीतामाईच जळाली असेल तर? रागाच्या भरात आपण काय करून बसलो, म्हणून तो स्वतःला बोल लावतो. मग ती सुखरूप असल्याचे समजते तेव्हा त्याच्या जिवात जीव येतो. समुद्र ओलांडून परत आल्यावर जांबुवंतादी वानरांना तो सारा वृत्तांत सांगतो, आणि पराक्रमाच्या त्या कथनात ही आपली धास्तीही गाळत नाही. वानरसेनेचा हुरूप खचेल असे त्याला वाटले नाही.

जांबची गोष्ट येथेच थांबत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये समर्थांच्या घराण्याच्या त्या मंदिरातील राम, सीता, लक्ष्मण, हनुमंत यांच्या पुरातन मूर्ती रात्रीच्या वेळी चोरीस गेल्या. ज्या हनुमंताने लंकेपर्यंत जाऊन सीतेचा माग काढला त्याचाच माग काढण्याची पाळी जिल्हा पोलिसांवर आली. देव स्वतःचेच रक्षण करू शकत नसेल तर तो आपले काय करणार, हा नास्तिकाचा आवडता प्रश्न अशा वेळी निघतोच, आणि त्याचे उत्तर देण्याची घाई श्रद्धावंताने करू नये असे मला वाटते. गाव शोकाकुल होते, संतप्त होते. विधानसभेच्या अधिवेशनातही विषय निघाला. या सगळ्या गलबल्यात एक गोष्ट कोणी केली नाही: मूर्ती चोरीस गेल्याच नाहीत, असे भासविण्यासाठी रातोरात दुसऱ्या मूर्ती आणून पडदा ओढला नाही. रिकामे सिंहासन गावाने पाहिले आणि जगाला दाखविले. पंचनामा झाला, तपास चालला, आणि ऑक्टोबरमध्ये आरोपी पकडून मूर्ती हस्तगत केल्याचे पोलिसांनी जाहीर केले. देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, असे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली ठरविलेले आहे. आणि तीच व्यक्ती चोरीच्या फिर्यादीत मुद्देमाल ठरून ठाण्याच्या वहीत नोंदली जाते, हा विनोद न्यायशास्त्राला सहन होतो तसा भक्तांनाही सहन झाला. मुखवटा, झोतदिवा, उंच इमारतीवरील झेप यांपैकी काहीही नसलेले, फौजदार आणि अंमलदार यांनी हद्दी ओलांडून, जाबजबाब घेऊन केलेले हे काम चित्रपटाला रुचणारे नव्हे. त्याची नोंद मात्र सर्वांसमोर झाली, आणि त्यात काही चुकले असेल तर उद्या विचारता येईल.

न्यायाने हे सांगितले पाहिजे की नोलन यांना आपल्या शेवटातील खोट कळली होती. २०१२ च्या ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये आठ वर्षे लोटलेली आहेत, डेंटच्या नावाने केलेल्या कठोर कायद्याखाली शेकडो गुन्हेगार डांबलेले आहेत, गॉर्डनची बायकामुले त्याला सोडून गेली आहेत, आणि सत्य सांगणारे भाषण लिहूनही ते वाचण्याचे धैर्य त्याला झालेले नाही. तेच भाषण बेन नावाच्या आततायी पुरुषाच्या हाती लागते आणि तो ते तुरुंगाच्या दारात उभा राहून नगराला वाचून दाखवितो. जे सत्य मित्राने सांगावयाचे ते शत्रूने सांगितले, म्हणून त्याचे शस्त्र झाले. आल्फ्रेडही पत्राची गोष्ट कबूल करतो आणि धन्यास मुकतो. तरीही बहुसंख्य प्रेक्षकांच्या मनात घर करून राहिला तो २००८ चाच शेवट; प्रायश्चित्तापेक्षा त्याग पाहावयास सोपा असतो, याला दिग्दर्शकाचा इलाज नाही.

आणि खरे पाहता त्या पहिल्याच चित्रपटात त्याच रात्री घडलेली एक घटना गॉर्डनच्या विरुद्ध साक्ष देते. जोकरने दोन नावांत दारूगोळा भरलेला असतो. एकीत कैदी, दुसरीत नागरिक, आणि प्रत्येक नावेजवळ दुसरीला उडविण्याची किल्ली. मध्यरात्रीपूर्वी कोणी तरी ती फिरविली नाही तर दोन्ही नावा जातील. नागरिक आपल्या नावेत चिठ्ठ्या टाकून मत घेतात: उडवावे म्हणणारे ३९६, नको म्हणणारे १४०. एक गृहस्थ पुढे होतो, किल्ली हाती घेतो, तिच्याकडे पाहत राहतो आणि पेटीत परत ठेवून आपल्या जागी जाऊन बसतो. पलीकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याच्या हातून किल्ली मागून घेतो आणि खिडकीबाहेर पाण्यात फेकून देतो. मध्यरात्र उलटते, काहीच होत नाही, आणि जोकर त्या चित्रपटात प्रथमच गोंधळलेला दिसतो. ज्या उतारूंना स्वतःच्याच मनातील त्या ३९६ चिठ्ठ्या मोजून पाहता आल्या आणि तरीही ज्यांच्या हातून ती किल्ली फिरली नाही, त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी हार्वी डेंटने केलेल्या पाच खुनांची बातमी पचेल की नाही, हे त्यांना न विचारता दोन माणसांनी ठरविले.